आई, तू तिकडं झोप

"ऊठ. ए हिरे, ऊठ तिथनं. आधी ऊठ."

मालकीण पडवीच्या पायरीवर उभी होती. हातात चहाची किटली. आम्ही सात बाया अंगणात झेंडू निवडत बसलो होतो. दसरा चार दिवसांवर आलेला. फुलांचा ढीग कमरेएवढा. टपोरी वेगळी, बारकी वेगळी, देठ मोडलेली वेगळी. पहिली पाटी ओझरच्या गणपतीला जायची आणि मग बाकीचा माल पुण्याला, असा त्या घरचा शिरस्ता होता.

आई उठली. ती ज्या गोणपाटावर बसली होती ते मालकिणीला दिसलं. मग आम्हा सगळ्यांना दिसलं. तळहाताएवढा डाग. लाल. ओला. आईच्या लुगड्यालाही मागून तसाच.

मालकीण म्हणाली, "तुमचा जल्माचा एक विटाळ असतोच, त्यो आमी चालवून घेतो. त्यात ह्यो दुसरा? फुलं देवाला जायचीत. कळत न्हाई का तुला?"

आई म्हणाली, "वैनी, माझं बंद झालं व्हतं वो. तीन वर्सं झाली. आज कसं आलं मला ठावं न्हाई."

"ते मला नको सांगू. तिच्या हातची फुलं बाजूला काढा. कुणी हात लावू नका. तिचं ती उचलंल. पोरगी हाये संगं, ती बी उचलंल."

मी दहावीत होते. सुट्टीचा दिवस होता म्हणून आईबरोबर कामाला आले होते. आम्ही दोघींनी ती फुलं पाट्यांत भरली आणि उकिरड्यावर नेऊन ओतली. तीन खेपा झाल्या. सकाळपासून निवडलेली ताजी फुलं. नंतर मालकिणीनं शेणाची पाटी दाखवली. ज्या बाईच्या बसण्यानं अंगण बाटलं, तिनंच ते सारवायचं होतं. सारवायला तिचा हात चालत होता. आईनं सारवलं. वाकून, मागं सरत सरत, लुगड्यावर तो डाग तसाच. गडी येत-जात होते. मी तिच्या मागं उभी राहिले, डाग झाकायला. सारवून झाल्यावर मालकिणीनं वरून गोमूत्र शिंपडलं. ते तिनं स्वतःच्या हातानं केलं.

मला मालकिणीचा राग आला नाही. आईचा आला. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढं मी जे केलं ते ह्यातूनच आलं.

आमचं गाव मंचरच्या पलीकडं, अवसरीच्या शिवेला लागून. वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. बाप मी चौथीत असताना विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेला. घरात आई, मी आणि एक शेळी. शेजारी चुलती. भिंतीवर बुद्धाची तसबीर. आजानं धर्म बदलला तेव्हा घरातले देव पाटीत घालून नदीत सोडले, हे आई अभिमानानं सांगायची. पण विटाळ कुणी नदीत सोडला नव्हता. पाळीतल्या बाईनं आमच्याकडंही पाण्याच्या माठाला हात लावायचा नाही. गाव आम्हाला लांब ठेवी, आणि आमच्या घरात आम्ही बाईला लांब ठेवू.

त्या दिवशी घरी आल्यावर आईनं चुलतीला सांगितलं. चुलती हसली. "अगं, परत आलं म्हंजी ताकद हाये अजून. तरणी झालीस तू."

आईही हसली. मला आठवतं ती हसली होती.

चुलती म्हणाली, "पाळी जाताना असंच जातंया. माझं न्हाई का गेलं? दोन-चार म्हयने जातं, मग आपसूक बंद हुतं."

आईची पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती. जाऊन झालेली गोष्ट परत कशी जाईल, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. मला नुकती पाळी सुरू झाली होती, मला त्यातलं काय कळणार? पण मोजता येत होतं. तेवढं मोजायला हवं होतं.

ते रक्त चार दिवसांनी थांबलं. मग आठ दिवसांनी परत दिसलं. मग रोजच थोडं थोडं. कधी लाल, कधी मांस धुतलेल्या पाण्यासारखं. आई जुन्या लुगड्याची फडकी करायची. सगळ्यांच्या आधी उठून ओढ्याला जायची, फडकी धुवायची आणि गोठ्यात, शेळीच्या मागं, वर दुसरं कापड टाकून वाळत घालायची. ऊन लागायचं नाही त्यांना. ओलसरच परत वापरायची.

थंडी पडायला लागली तसा वास सुरू झाला.

तो वास कसा होता हे मला लिहिता येईल, पण लिहायचं नाही. ज्यांच्या घरात तो येऊन गेलाय त्यांना सांगायला नको. आई दोनदा अंघोळ करायची. थंड पाण्यानं. कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं धुवायची. आमच्या वस्तीतली सगळ्यात टापटिपीची बाई होती ती. तिची भांडी आरशासारखी असायची.

मालकिणीकडचं काम सुटलं. दुसऱ्यांच्या बटाट्याच्या शेतात जायची, तिथं बाया तिच्यापासून दोन सरी सोडून बसायच्या.  आई घरी येऊन पाठ दुखती म्हणायची. पाय भरून येतात म्हणायची.

मी दहावीच्या तयारीला लागले होते. शाळेतल्या एका पोरीनं मला विचारलं, "तुझ्या दप्तराला कसला वास येतोय गं?" विचारलं साधंच होतं. तिच्या मनात काही नसेलही. मी त्या दिवशी मधल्या सुट्टीत घरी निघून आले. दप्तर धुतलं. ड्रेस धुतला. आणि संध्याकाळी आई माझ्याशेजारी गोधडी पसरायला लागली तेव्हा म्हणाले,

"आई, तू तिकडं झोप."

तिकडं म्हणजे शेळीकडं. मधे एक कुडाची भिंत होती.

आईनं गोधडी उचलली. रागावली नाही, रडली नाही. जाता जाता म्हणाली, "अभ्यासाला बत्ती मोठी कर. डोळं जातील." आणि गेली.

मालकिणीनं आईला उठवलं ते मी आयुष्यभर सांगत आलेय. बायांच्या बैठकीत सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, पोरीला सांगितलं. मी आईला उठवलं ते आज पहिल्यांदा सांगतेय. मालकिणीनं एक दिवस उठवलं होतं. मी अडीच महिने रोज.

ह्या काळात आई दवाखान्यात गेलीच नाही असं नाही. दोनदा गेली. मंचरच्या पेठेत एक डॉक्टर होते. एमबीबीएसचा बोर्ड, बाहेर दोन बाकडी, माणसांची रीघ. दोन्ही वेळा मी बरोबर होते. पहिल्यांदा गेलो तेव्हा डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच विचारलं, "काय होतंय?"

आईनं मान खाली घालून सांगितलं, "अंगावरनं जातंय."

"लाल का पांढरं?"

"दोन्ही."

"वय?"

"पन्नास आसंल."

"गाव कुठलं? कुठल्या आळीतल्या?"

आईनं सांगितलं. डॉक्टरांनी पेन उचललं. "ह्या वयात होतं असं. स्वच्छता ठेवत जा. तुमच्याकडं बायका स्वच्छता ठेवत नाहीत, मग हे रोग होतात." गोळ्या दिल्या. एक इंजेक्शन कंपाउंडरनं दिलं. पाळी कधी बंद झाली, हे त्यांनी विचारलं नाही. आईनं सांगितलं नाही. विचारल्याशिवाय सांगायचं नसतं असं तिला वाटायचं. नाडीलासुद्धा हात लावला नाही त्यांनी. येताना आई मला म्हणाली, "फडकी उद्यापासनं दोनदा धुते." तिला वाटलं, आपलीच चूक.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याच गोळ्या लिहून दिल्या. फक्त रंग वेगळा.

फेब्रुवारीत आई सार्वजनिक नळावर पडली. हंडा भरून उचलायला गेली आणि तशीच खाली बसली. ओठ पांढरे. नखं पांढरी. डोळ्याची खालची पापणी ओढून चुलतीनं बघितलं, तिथंही रक्ताचा टिपूस नव्हता. चुलती ह्या वेळी हसली नाही. एका दुधाच्या गाडीतून आम्ही मंचरला गेलो. पुन्हा तेच डॉक्टर, दुसरं कुणी आम्हाला ठाऊक नव्हतं.

बाकडी भरलेली होती. आईला मी भिंतीला टेकवून बसवलं. आमच्या शेजारची बाई नाकाला पदर लावून उठली आणि पलीकडं जाऊन उभी राहिली. डॉक्टर आतून बाहेर आले. आमच्याकडं बघून म्हणाले,

"परत आलात? गोळ्या संपेपर्यंत दम नाही का?"

कंपाउंडरला म्हणाले, "ह्यांना बाहेरच बसव. खोलीत वास राहतो."

मी त्याआधी कुठल्याच मोठ्या माणसाला उलट बोलले नव्हते. शाळेत मास्तरांनी चुकीचे मार्क दिले तरी गप्प बसणारी पोरगी मी. पण "वास राहतो" हे त्यांनी म्हटलं आणि आईनं उठायला हात जमिनीला टेकवला. स्वतःहून. कुणी ऊठ म्हणायच्या आधीच ती उठायला लागली. मालकिणीकडं उठली तशी. माझ्या सांगण्यावरून उठली तशी. तिला सवय झाली होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबून खाली बसवलं.

मी म्हणाले, "तपासा."

"काय?"

"तीन टायमाला आलो. तुमी एकदा बी तपासलं न्हाई. तपासल्याबिगर आमी उठणार न्हाई."

"डॉक्टर मी का तू?"

"तुमी. म्हणून तर म्हणते तपासा."

 कुणीतरी म्हणालं, "पोरगी लई आगाऊ हाये राव." डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, "असलं मी इथं तपासत नाही. सरकारी दवाखान्यात जा."

म्हणजे त्यांना आधीपासून माहीत होतं की असलं ते तपासत नाहीत. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर पहिल्या दिवशी सरकारीत गेलो असतो.

सरकारी दवाखान्यात एक सिस्टर होत्या. पन्नाशीच्या. त्यांचं नाव मला माहीत नाही, मी विचारलं नाही ह्याचा अजून पश्चात्ताप होतो. त्यांनी आईला हाताला धरून खाटेवर झोपवलं. हात धरला. तेवढ्यानंच आईच्या डोळ्यांत पाणी आलं. सिस्टरनी माझ्याकडं वळून एकेक प्रश्न विचारला. पाळी बंद होऊन किती वर्षं झाली होती? त्यानंतर पहिल्यांदा रक्त कधी दिसलं? दसऱ्याच्या आधी? म्हणजे पाच महिने? वास कधीपासून? कंबर दुखते का? वजन उतरलं का?

मग म्हणाल्या, "पोरी, नीट ऐक. वर्षभर पाळी आली नाही म्हणजे ती गेली. त्यानंतर जे रक्त दिसतं ती पाळी नसते. कधीच नसते. एक थेंब दिसला तरी त्याच आठवड्यात दाखवायचं. दर वेळी वाईटच निघतं असं नाही. पण वाईट आहे का नाही, हे बघितल्याशिवाय कुणाला सांगता येत नाही. मलाही नाही, डॉक्टरलाही नाही."

बाई डॉक्टर आल्या. पडदा ओढला. पाच मिनिटांनी बाहेर आल्या तेव्हा हातमोजे काढत होत्या आणि माझ्याकडं बघत नव्हत्या. चिठ्ठी लिहून दिली. पुण्याला जा म्हणाल्या. आजच जा.

पुण्याला तुकडा काढून तपासला. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. पुढं गेलेला. तिथल्या डॉक्टरनं कागदावर पिशवीचं चित्र काढून मला दाखवलं. पेन्सिलीनं रेघोट्या मारून म्हणाला, इथपासून इथपर्यंत पसरलाय. मी विचारलं, दसऱ्याला आलो असतो तर? तो तरुण होता, खोटं बोलायला शिकला नव्हता. म्हणाला, "नक्की सांगता येत नाही. पण आतापेक्षा बरं असतं."

रेडिएशनचे शेक दिले. आईची कातडी भाजल्यासारखी काळी पडली. रक्त थांबलं, वास थांबला, पण आई परत उभी राहिली नाही. त्या काळात मी तिच्याजवळ झोपत होते, तिच्या पांघरुणात.  एकदा तिनं माझ्या दप्तराकडं बोट दाखवून विचारलं, "आता येतो का वास?"

तिला माहीत होतं. दप्तर धुतलं त्या दिवसापासून माहीत होतं.

 पावसाळा संपायच्या आत आई गेली. मी दहावीला बसले नव्हते. पुढच्या वर्षी बसले आणि पास झाले, त्याचं मला काही वाटलं नाही.

लग्न होऊन मी जुन्नरच्या पश्चिमेला आले, मढच्या बाजूला. नवरा जीप चालवायचा, फाट्यावरून माळशेजकडं सीटा भरून वडाप. सासू होती. दोन पोरं झाली, एक मुलगी, एक मुलगा. मी अंगणवाडीत मदतनीस झाले. आईचं जे झालं ते आपल्याला माहीत आहे, म्हणजे आपण आता हुशार झालो असं मला वाटायचं.

तिशी ओलांडली आणि माझी पाळी वाढली. चार दिवसांची सात दिवसांची झाली. मग दहा. मग एकदा पंधराव्या दिवशीही थांबेना. काळजासारख्या गाठी पडायच्या. तासाभरात कापड भिजायचं. अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढताना डोळ्यांपुढं अंधारी यायची, मी कढईची कड धरून उभी राहायची. आणि मी काय केलं? गडद रंगाची साडी नेसायला लागले. सासूनं विचारलं तेव्हा म्हणाले,

"काय न्हाई. पाळी जाताना असंच जातं."

एकतीस वर्षांची बाई मी. कुठली पाळी जातेय? ते वाक्य माझं नव्हतंच. चुलतीचं होतं. शब्दन् शब्द. माझ्या तोंडातून बाहेर पडलं. मी चुलीपुढं बसले होते. पाठीमागं कुणीतरी उभं आहे असं वाटलं. मी वळले नाही. वळले असते तर कोण दिसलं असतं हे मला माहीत होतं.

नवरा जेवायला आला तेव्हा मी ताट वाढलं आणि सांगितलं, "माझ्या अंगावरनं पंधरा दिवस रक्त जातंय. गाठी जातात. चक्कर येती. मला दवाखान्यात ने."

तो घास हातात धरून बसला. "आगं, असलं मला काय सांगती? आईला सांग."

"जीप आई चालवती का?"

तो उठला. हात धुतला. जीप काढली. माणूस वाईट नाही. त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. त्याच्या आईनंही नाही, बहिणीनंही नाही.

फाट्यावर एक नवा दवाखाना झाला होता. काचेची दारं, सोनोग्राफीचं मशीन. डॉक्टरनी मशीन फिरवलं, दोन मिनिटं. पडद्याकडं बघत म्हणाले,

"पिशवी खराब आहे. काढून टाकू. परवा या."

मी विचारलं, "खराब म्हंजी काय झालंय?"

"गाठ आहे. ठेवली तर कॅन्सर होईल."

कॅन्सर हा शब्द त्यांनी असा उगारला, जसा कुत्र्यावर दगड उगारतात. नवरा पांढरा पडला. म्हणाला, "करून टाका सायेब."

मी म्हणाले, "थांबा. तुकडा काढून तपासला का?"

डॉक्टरनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "काय करता तुम्ही?"

"अंगणवाडीत मदतनीस."

"मग खिचडी शिजवा ना बाई. दोन पोरं झालीत, आता पिशवी ठेवून काय लोणचं घालायचंय? तुमच्यातल्या बायका तर हसत हसत काढून घेतात. मागच्या आठवड्यात तुमच्याच भागातल्या दोघी झाल्या."

तुमच्यातल्या. तो शब्द मला ओळखता येतो. कितीही चकचकीत दवाखाना असू दे.

आणि तिथं त्या खुर्चीत मला एक गोष्ट लख्ख कळली. आईच्या डॉक्टरनं बघितलंच नाही, कारण बाई आमच्यातली. हा नीट न बघताच कापायला निघालाय, कारण बाई आमच्यातली. एकाला आमचं शरीर घाण वाटलं, दुसऱ्याला फुकटची जमीन वाटली. तपासावं, समजून सांगावं, विचारावं, एवढं माणूसपण दोघांनाही द्यायचं नव्हतं.

मी खुर्चीतून उठले. चक्कर आली, टेबलाची कड धरली. म्हणाले, "डाक्टर, पिशवी माझी हाये. काढायची का ठेवायची, कशापायी, हे कागदावर लिहून द्या आदी. तपासाचा कागद दाखवा. मग मी बोलते."

"जा मग कुठं जायचंय तिथं. मेलात तर माझ्याकडं येऊ नका."

"न्हाई येणार."

जिन्यावर नवरा मला म्हणाला, "तू भांडून आलीस. खरंच काय असलं तर?"  मी कठड्याला धरून उतरत राहिले. म्हणाले, "असलं तर कळू दे. न कळता नको."

त्याच जीपमधून आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. माझं रक्त पाचावर आलं होतं. नर्स म्हणाली, अजून चार दिवस थांबली असतीस तर स्ट्रेचरवरून आली असतीस. रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. मग तपासलं. पिशवीच्या आत एक कोंब वाढला होता, बोटाच्या पेराएवढा. तो काढला. तुकडा तपासायला पाठवला. पंधरा दिवस कागद यायचा होता. त्या पंधरा दिवसांत मी रोज आईशी बोलले. काय बोलले ते माझं आणि तिचं.

कागद आला. साधा कोंब होता. पिशवी आजही माझ्या पोटात आहे.

कुणाला वाटेल, चला, सुटली. मी सुटले नाही. मी बरी झाले आणि आई बरी झाली नाही, ह्यात सुटण्यासारखं काय आहे? मला फक्त विचारायची हिंमत मिळाली. आणि ती मिळाल्यापासून मी विचारत सुटलेय. अंगणवाडीत पोराला सोडायला आलेल्या आईला विचारते. नळावर विचारते. शेताच्या बांधावर विचारते. पाळी आठ दिवसांच्या पुढं जाती का? तासाला कापड भिजतं का? गाठी? दोन पाळ्यांच्या मधे दिसतं का? नवऱ्याजवळ गेल्यावर दिसतं का? पहिल्या पहिल्यांदा बाया पदरात तोंड घालून पळायच्या. म्हणायच्या, मदतनीस बाई बावचळली. आता पळत नाहीत. आता त्या मलाच गाठतात. बरोबर चला म्हणतात, मी जाते. बहुतेकींचं साधंच निघतं. साधं निघालं की मी घरी येऊन पोटभर जेवते.

गेल्या आठवड्यात वरच्या आळीतल्या एका मोठ्या घरची सून अंगणवाडीत आली. पोराचं नाव घालायचं निमित्त. हळूच सासूबद्दल म्हणाली, "आत्यांच्या लुगड्याला डाग दिसला वो. साठीच्या हायेत. त्या म्हणतात, कुणाला बोललीस तर बघ."

मी त्याच दुपारी त्या घरी गेले. ओट्याच्या खालीच उभी राहिले. मला कुणी वर ये म्हटलं नाही, मी वाटही बघितली नाही. म्हातारीचा मुलगा बाहेर आला. शिकलेला, सोसायटीवर निवडून आलेला. मी सांगितलं तशी त्यानं इकडं तिकडं बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून.

"आमच्या घरच्या बाया असल्या गोष्टी बोलत न्हाईत. आन् तुझा काय संबंध?"

"बाईचं रक्त चाललंय. तेवढाच संबंध."

"हे बघ, तुमच्या वस्तीत कर तुझी डाक्टरकी. इथं न्हाई."

दार लावून घेतलं. मी बंद दाराला सांगितलं, मोठ्यानं, आतल्या म्हातारीला ऐकू जावं म्हणून, "आत्याबाई, पाळी गेल्यावर दिसतंय ती पाळी नसती. ह्याच आठवड्यात दाखवायचं. मी उद्या परत येते."

दुसऱ्या दिवशी गेले. दार उघडलं नाही. मी परत तेच बोलले, त्याहून मोठ्यानं. गल्लीतल्या दोन बाया खिडकीत आल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणवाडी उघडत होते, तर म्हातारी एकटीच समोर उभी. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. मुलगा बाजारला गेलेला. म्हणाली, "तू लई वरडतीस बाई. चल कुठं जायचं ते."

एसटीत ती माझ्या शेजारी बसली. आधी पदर आवरून, मधे जागा ठेवून. बसनं घाट घेतला तशी तिनं माझं मनगट धरलं. दवाखान्यापर्यंत सोडलं नाही.

तुकडा तपासायला गेलाय. कागद यायचाय. काल तिचा मुलगा अंगणवाडीच्या दारात येऊन मला बोलून गेला. नोकरी घालवीन म्हणाला. घराण्याची अब्रू वेशीला टांगली म्हणाला. पोरांसमोर बोलला. मी पोरांना खिचडी वाढत राहिले. त्याचं बोलून झाल्यावर त्याला एवढंच विचारलं, "दादा, तुमची बायको कशी हाये? तिला पाळीत किती दिवस जातं, ठावं हाये का तुमाला?"

तो पाठ फिरवून निघून गेला. 

नोकरी जाईल तर जाऊ दे. कागद चांगला येवो, वाईट येवो, म्हातारीला घेऊन मीच जाणार आहे. आणि त्याच्या बायकोला, त्याच्या लेकीला, ह्या गावातल्या खालच्या-वरच्या सगळ्या आळ्यांतल्या एकेका बाईला मी विचारणार आहे. दारात उभी राहून. दार लावलं तर दारातून. हळू आवाजात विचारायचे दिवस माझ्यापुरते संपले.